कुसुमताईंची मैना

हॉर्न ऐकलात का? तो माझाच. मी मैना बोलतेय. मैना म्हणजे पाखरू नव्हे हं, गाडी. चार चाकं, चार दारं, कच्च्या पेरूचा हिरवा रंग आणि नाकाच्या दोन बाजूंना दोन गोल दिवे. मला रस्त्यावर शोधायला जाऊ नका, सापडायची नाही. माझ्यात लोखंड नाही, रबर नाही, पेट्रोलचा थेंब नाही. मी संगणकावरच्या खेळातली गाडी आहे. पण धावते मात्र अशी झकास की विचारू नका. आज सकाळीच कुणीतरी कुठल्यातरी देशातून मला घाटातून सुसाट नेलं आणि वळणावर थेट म्हशीच्या अंगावर घातलं. म्हैस शाबूत आहे, मीही शाबूत आहे, आणि मला बोलल्यावाचून राहवत नाहीये.

माझा जन्म हैदराबादेतल्या सुलतान बाजारात, एका तीन मजली घरात झाला. खाली अप्पारावांचं कापडाचं दुकान, मधल्या मजल्यावर ओमकारची खेळ बनवायची कंपनी, आणि सगळ्यात वर ओमकारची आत्या, कुसुमताई. घर ताईंच्या यजमानांचं, एकनाथरावांचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ताई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. त्या गॅलरीतून साध्या आवाजात बोलल्या तरी रस्त्यापलीकडचा बांगडीवाला मान वर करून बघतो.

त्या घराच्या फाटकातून आत आलं की जिन्याशेजारी एक मोकळी जागा आहे. सुलतान बाजारात माणसाला पाऊल टाकायला जागा मिळत नाही, आणि इथं एवढी ऐसपैस फरशी रिकामी. तिथं कुणी स्कूटर लावायची नाही, कापडाचे गठ्ठे ठेवायचे नाहीत. ताई रोज सकाळी ती झाडून घेतात आणि कोपऱ्यात छोटी रांगोळी काढतात. मला घडवणाऱ्या शर्वरीला त्याचं कारण माहीत नव्हतं. तिला वाटायचं, असेल काहीतरी देवाधर्माचं.

शर्वरी पुण्याची. हातात जादू आहे पोरीच्या, पण एक गंमत सांगते, गाड्या बनवणाऱ्या ह्या मुलीला गाडी चालवता येत नाही. रोज मेट्रोनं येते आणि मेट्रोनं जाते. ओमकारच्या खेळाचं नाव 'सडक-ए-दख्खन'. त्यात आपली गाडी घ्यायची आणि बाजारातून, गल्लीबोळातून, घाटातून चालवत न्यायची. रस्ते तयार होते, सिग्नल तयार होते, मगाशी सांगितलेली म्हैससुद्धा तयार होती. गाडीच तेवढी नव्हती.

तुम्ही म्हणाल, जगात गाड्या काय कमी आहेत? कमी नाहीत, पण प्रत्येक गाडीला एक कंपनी असते, आणि तिला न विचारता तिच्या गाडीचं रूप उचललं तर प्रकरण कोर्टात जातं. म्हणून गाड्या मनानं बनवायच्या. नाव आपलं, कारखाना आपला, आकार आपला. जगात कुठंही नसलेली, पण बघणाऱ्याला जन्मभर बघितल्यासारखी वाटणारी गाडी हवी. सांगायला सोपं आहे.

माझ्या आधी शर्वरीनं दोन गाड्या बनवल्या होत्या. कंपनीचे वकील अनिल साहेब त्या तपासायला आले. त्यांची रीत ठरलेली. दारापर्यंत मागं जायचं, मान तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि खऱ्या गाडीचं नाव घ्यायचं. "हिचं नाक अमक्या कंपनीचं आहे." "हिची पाठ तमक्या गाडीची." की एक बटण दाबलं जायचं आणि गाडी संपली. माझ्या त्या दोन्ही थोरल्या बहिणी अशाच गेल्या.

खेळ जगभर पोचवणारी मंडळी बेंगळुरूची. त्यांनी कळवलं होतं की वकिलांनी पास केलेली गाडी दसऱ्यापर्यंत मिळाली नाही, तर आम्ही दुसऱ्यांनी खेळांसाठी बनवलेल्या तयार गाड्या विकत घेऊन घालू. म्हणजे शर्वरीनं पुन्हा विजेचे खांब आणि कचराकुंड्या बनवायच्या. त्याआधीचं सबंध वर्ष तिनं तेच केलं होतं. खेळातली प्रत्येक कचराकुंडी तिची आहे, आणि त्या कुंड्यांचं कुणी नाव काढत नाही.

एका दुपारी ती हात गालाला लावून कोऱ्या पडद्याकडे बघत बसली होती. कुसुमताई चहा घेऊन खाली आल्या.

"काय करायलीस, शर्वरी? नुसतं बघायलीस की."

"गाडी सुचत नाहीये, आत्या. जी काढते ती कुणाची तरी निघते." मग तिनं सहज विचारलं, "तुम्हाला कशी गाडी आवडली असती हो?"

ताईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांना हा प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नसावा. खुर्ची ओढून त्या बसल्या, आणि मी जन्माला यायला लागले.

"पहिली गोष्ट, मागचं दार रुंद पाहिजे. मांडीवर गणपती घेऊन बसता आलं पाहिजे. रिक्षात मूर्ती आणताना जीव मुठीत धरून बसायची मी, बोटं अशी आखडून जायची."

शर्वरीनं दार रुंद केलं.

"आणि डिकी. बेगम बाजारात गेलीयस ना? गाडीच्या मागं हातगाडी चिकटूनच उभी असती. डिकीचं झाकण उघडायला जागा कुठंय? चिंच-मिरच्यांची पोती ठेवायची कशी?"

"मग कशी पाहिजे?"

ताईंनी खिडकीतून खाली अप्पारावांच्या दुकानाकडे हात केला. "त्याच्या दुकानाच्या शटरसारखी. वर गुंडाळून जायला पाहिजे."

शर्वरीच्या अंगावर काटा आला. तिनं आधीची डिकी पुसून टाकली. शटरची डिकी. अशी गाडी जगात कुणी बनवली नव्हती. मग तर ती सुटलीच. पुढच्या काचेखाली डबा घसरू नये म्हणून छोटा कठडा आला. सासूबाईंना गाडी लागायची म्हणून मागच्या खिडक्या पार खांद्यापर्यंत उतरल्या. रंग एकनाथरावांच्या आवडीचा, आणि नावही त्यांनीच एकदा बोलता बोलता घेतलेलं, मैना. ताई रोज चहा घेऊन येऊ लागल्या, आणि चहा रोज थंड होऊ लागला.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. शर्वरीचं म्हणणं, गाडीला एखादी खोड पाहिजे. खोड नसली की गाडी खोटी वाटते, खेळणाऱ्याचा जीव जडत नाही. कुठं तेल गळावं, कुठं काच अडकावी.

"नक्को," ताई म्हणाल्या. "आमच्या गाडीत खोड नाही."

झालं, मी निर्दोष राहिले. मला मनातून थोडं वाईट वाटलं. खोड असलेल्या गाड्यांना मालक लाडानं शिव्या देतात, ते सुख माझ्या नशिबी नव्हतं.

मला पहिल्यांदा चालवायचा दिवस उजाडला. ओमकार म्हणाला, नवी गाडी आहे, चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय हलवायची नाही. खेळात असली म्हणून काय झालं? शर्वरीनं पिवळंधमक लिंबू बनवलं आणि माझ्या पुढच्या चाकाखाली ठेवलं. ते चिरडतं हे संगणकाला सांगायचं मात्र दोघंही विसरले. संगणकाच्या लेखी ते दगडाहून कठीण होतं. ओमकारनं गाडी सुरू केली, चाक लिंबावर चढलं आणि मी उडाले ती सिग्नलवरून, घुमटावरून, पार ढगात. खालून सगळं शहर दिसलं मला. अशी मजा पुन्हा आली नाही. ओमकार खुर्चीतच आडवा झाला हसून हसून, आणि ताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हल्लू चालव रे, नवी आहे ती."

मग अनिल साहेब आले.

ते दारापर्यंत मागं गेले. मान तिरकी झाली. डोळे बारीक झाले. शर्वरीनं श्वास रोखला, मीही रोखला असता. साहेब डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, शटर वर करून बघतात, आणि तोंडातून नाव काही निघत नाही.

"कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते," ते शेवटी म्हणाले, "पण कुठली ते सांगता येत नाही. कशावरून काढलीस?"

ह्याच वेळी कुसुमताई शंकरपाळ्यांची ताटली घेऊन आत आल्या. त्यांना वाटलं, वकिलांना गाडी खरी वाटत नाहीये. आपण दोन शब्द टाकले तर पोरीचं काम होऊन जाईल. आणि इतके दिवस माझ्याबद्दल बोलून बोलून मी खरोखरच त्यांची झाले होते.

"ही ना?" त्या म्हणाल्या. "ही आमची गाडी. मैना. ब्याऐंशीला, एशियाडच्या साली घेतली यजमानांनी."

शर्वरीचा चेहरा उतरला. ओमकार पुटपुटला, "आत्या, थांब ना जरा." पण परक्या माणसासमोर आत्याला खोटं कसं पाडायचं? तो डोकं खाजवत उभा राहिला.

अनिल साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे अशी गाडी खरंच होती?"

"सर, त्या गंमत करताहेत," शर्वरी म्हणाली.

"गंमत कशाची? होती म्हणजे होती. सगळ्या गल्लीला विचारा."

साहेब विचारायला निघालेच. मी ज्याच्या पडद्यावर होते तो लॅपटॉप त्यांनी काखेत मारला आणि जिना उतरून थेट अप्पारावांच्या दुकानात गेले. मागोमाग शर्वरी, ओमकार, आणि शंकरपाळ्यांसकट ताई. मला साड्यांच्या ढिगावर ठेवलं. पहिल्यांदाच मी जिना उतरले होते आणि माझा खटला उभा राहिला होता.

"ही गाडी तुम्ही पाहिली आहे का?"

अप्पारावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं. "बघितली म्हणजे काय, ढकललीय साहेब. परसोंची गोष्ट, ह्या फाटकात बंद पडली होती." हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असू शकतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीही. साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

शेजारच्या कोठी भागातला पुस्तकवाला सुरेश तिथं सदऱ्याचं कापड घ्यायला आला होता. त्यालाही चेव आला. "माझ्या लग्नात हीच गाडी होती की. फुलांनी सजवलेली. एकनाथरावांनी सोता चालवली."

ओमकारनं डोळ्यांवर हात घेतला. माझी काय गत झाली असेल ते बघा. माणसं इतक्या प्रेमानं माझ्या बाजूनं बोलत होती, आणि त्यांच्या एकेका शब्दानं मी बटणाच्या जवळ जात होते. मी खरी ठरले तर खेळातून गेले. अशी गाडी कुणीतरी कधीतरी बनवली होती असं ठरलं की तिचा मालक निघणार, आणि अनिल साहेब मला पुसून टाकणार. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी नव्हते हो, कुठंच नव्हते. पण हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.

"उभी कुठे असायची गाडी?" साहेबांनी विचारलं.

"ती काय, तिथं." अप्पारावांनी जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे हात केला.

साहेब गेले. खाली वाकून फरशी बघितली. रांगोळी सोडली तर फरशी आरशासारखी होती. "वर्षानुवर्षं गाडी उभी होती म्हणता, तर तेलाचा एकही डाग कसा नाही? धुऊन काढलंत?"

सुरेश कापडाची घडी घालू लागला. शर्वरी ताईंकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. ताईंना खोटं पाडून आपली गाडी वाचवणं तिला जमणार नव्हतं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या माझ्याकडे पाहिलं. मग ताटली साड्यांवर ठेवली.

"धुतलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज एवढा बारीक की समोरच्या बांगडीवाल्याला ऐकू गेला नसेल. "कधी पडलंच नाही."

साहेब सरळ उभे राहिले.

"आमच्याकडे गाडी नव्हती. कधीच नव्हती. यजमान म्हणायचे, आधी जागा करून ठेवू, गाडी मागून येतीच. जागा केली. कुणाला तिथं काही लावू दिलं नाही त्यांनी. लोक भांडले, नावं ठेवली. मग ते गेले. मी पण लावू दिलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "त्या पोरीनं विचारलं, कशी गाडी आवडली असती. मी सांगत गेले, तिनं काढली. एवढंच आहे. दुसऱ्या कुणाची नाही ती."

अनिल साहेब रांगोळीला वळसा घालून दुकानाशी परत आले. मग अप्पारावांना म्हणाले, "आणि तुम्ही ढकललीत ती कुठली?"

अप्पाराव जराही गडबडले नाहीत. "ताई म्हणाल्या, होती. मग होती, साहेब. आम्ही कायकू नाही म्हणायचं?"

साहेबांनी लॅपटॉप उचलला आणि शर्वरीच्या हातात दिला. "घे. पास आहे," ते म्हणाले. "माझ्या आजवरच्या कामात इतकी कुणाचीच नसलेली गाडी मी पाहिली नाही."

मी वाचले. ओमकारनं शर्वरीच्या पाठीत धपाटा घातला, सुरेशनं साहेबांना शंकरपाळे खायला लावले, बांगडीवालासुद्धा काय झालं ते विचारायला येऊन गेला. एवढा जल्लोष, आणि त्यात ताई मात्र दिसेनात. त्या केव्हाच जिना चढून वर गेल्या होत्या.

त्यानंतर ताई चहा घेऊन खाली येईनात. ओमकारबरोबर थर्मास पाठवून द्यायच्या. रोज झाडून काढायच्या त्या जागेवर रांगोळी पडेनाशी झाली. गल्लीसमोर, परक्या वकिलासमोर त्यांनी आपलं रिकामेपण उघड केलं होतं, तेही माझ्यासाठी. मला खेळात जागा मिळाली होती आणि त्या आनंदात मला मुळीच गोडी वाटत नव्हती. शर्वरीलाही नसावी, कारण ती माझ्याकडे न बघता दिवसभर दुसरंच काहीतरी काढत बसायची. मी तिच्यावर रुसले होते.

दसरा आला. ओमकारच्या कंपनीत त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. संगणकांना हळदकुंकू लागतं, माउसवर झेंडूचं फूल बसतं. पूजा आत्याचीच, दुसऱ्या कुणाच्या हातची ओमकारला चालत नाही, म्हणून ताईंना यावंच लागलं. त्यांनी मुकाट्यानं सगळ्यांना कुंकू लावलं. माझ्या पडद्याशी आल्या, तेव्हा शर्वरीनं त्यांना खांदे धरून खुर्चीत बसवलं आणि समोर खेळातली गाडी वळवायचं गोल चाक ठेवलं.

"मला येत नाही ग चालवायला," ताई म्हणाल्या.

"मला तरी कुठं येतं? चला, बेगम बाजारातून घरी जाऊ."

माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती, चाकाखाली लिंबू होतं. ह्या वेळी ते नीट चिरडलं. निघालो आम्ही. काय सांगू तुम्हाला ती फेरी. ताईंनी पहिल्याच वळणाला मिरच्यांचं पोतं उडवलं. मग एक हातगाडी, मग शर्वरीची एक कचराकुंडी, मग दुसरी. "सरका की, सरका," असं त्या पडद्यातल्या माणसांना मोठ्यांदा सांगत होत्या आणि खरी माणसं खिडकीखाली बाजूला सरत होती. म्हशीसमोर मात्र ताईंनी मला अशी थांबवली की एकनाथरावांनीही पाठ थोपटली असती. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या, आणि मी, निर्दोष म्हणवणारी मी, सगळीकडून चेपले होते. जन्मात इतकी खूश नव्हते.

कोपऱ्यावर वळलो आणि मी चकित झाले. समोर आमचंच घर होतं. तीन मजले, खाली कापडाचं दुकान, लोखंडी फाटक. शर्वरी इतके दिवस हेच काढत बसली होती. फाटक उघडं होतं. ताईंनी मला हळूहळू आत घेतलं आणि जिन्याशेजारच्या जागेत उभी केली. कोपऱ्यात रांगोळीसुद्धा होती.

"आता थोडी मागं घ्या, आत्या," शर्वरी म्हणाली.

ताईंनी मला मागं घेतलं. फरशीवर, जिथं माझं पोट होतं बरोबर तिथं, तेलाचा डाग होता. काळा, जुना, वर्षानुवर्षं थेंब थेंब पडून पसरलेला. रांगोळीच्या एका पाकळीपर्यंत पोचलेला.

ताईंनी चाकावरचे हात काढून घेतले. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग उठल्या, गॅलरीत गेल्या आणि कितीतरी दिवसांनी आपल्या नेहमीच्या आवाजात खाली हाक मारली.

"अप्पाराव, बघितलं का? आमच्या गाडीनं सगळी फरशी खराब केली. रांगोळी पण बिघडवली."

खालून अप्पारावांनी मान वर केली. हातातलं गिऱ्हाईक तसंच ठेवून ते म्हणाले, "जुनी गाडी आहे, ताई. चालायचंच."

बेंगळुरूची मंडळी खूश झाली, खेळ बाहेर पडला, शर्वरी आता माझ्या धाकट्या बहिणीवर काम करते आहे. गाडी चालवायला शिकायचं मात्र अजूनही पुढं ढकलतेच आहे. मी ठिकठिकाणच्या घरांमधून धावते. कुठलाकुठला मुलगा मला रात्रंदिवस पळवतो, कुणी मला नदीत बुडवतं, कुणी डिकीचं शटर वर-खाली करत नुसतं हसत बसतं. करा, सगळं करा, मी त्यासाठीच आहे.

तुम्हीही या. मला हवी तिथं न्या, हवी तशी चेपा. एवढंच करा, फिरून झालं की मला सुलतान बाजारातल्या त्या फाटकातून आत आणून लावा. आणि खाली फरशीवर तेल दिसलं, तर पुसू नका. ते कुसुमताईंचं आहे.